फुकटच्या पत्रिकेची फ्लॉपी

आमच्या सोसायटीत मी अजूनही ‘कॉम्प्युटरवाले गावंडे’च आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पाच मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं की डोळ्यांतून पाणी येतं; पण लिफ्टमध्ये कोणी भेटलं की प्रश्न ठरलेला. “काका, घरच्या कॉम्प्युटरवर सारख्या जाहिराती येऊन राहिल्या. कोणतं टाकू? फुकटवालं चालते का?” मी एखादं नाव सांगून मोकळा होतो. खरं म्हणजे त्या नावांतला फरक आता मलाही कळत नाही. फुकट हा शब्द ऐकला की मात्र मी अजून दचकतो. त्याचं कारण सांगायला चार मजल्यांचा प्रवास पुरत नाही, म्हणून इथं लिहितो.

या अंकाच्या संपादकांनी ‘सर्व्हिस इंजिनियरच्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. गमती होत्या, नाही कशाला म्हणू? ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरात घरी कॉम्प्युटर असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी माझ्या वाट्याला आलेली. आमचं ऑफिस सीताबर्डीला. माझ्याकडे एक लुना, एक रेक्झिनची बॅग, तीत स्क्रूड्रायव्हर, स्पिरिटची बाटली, कापूस आणि फ्लॉप्यांचा डबा. कॉम्प्युटर ज्या खोलीत असेल तिथं एसी, आणि दाराबाहेर चपला. देवघरात चपलेसह जाणारी माणसंही त्या खोलीत अनवाणी जात.

त्याच सुमारास कॉम्प्युटरलाही रोग होतो ही बातमी गावात पसरली. एका वकीलसाहेबांनी सगळ्या फ्लॉप्या लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या. वास इतका की मला तिथं काम करताना शिंका थांबेनात. कळमन्याच्या एका धान्यवाल्याच्या घरी स्क्रीनवर एक चेंडू आपोआप टप्पे घेत फिरायचा. हा रोगच, पण घरातले सगळे जेवणं झाली की समोर बसून पाहायचे. मी तो काढायला घेतला तर शेटजी म्हणाले, “राहू द्या ना जी, लेकराईले आवडते.” मी राहू दिला. स्लिपवर ‘तक्रार दूर झाली’ असं लिहून सही घेतली.

ही स्लिप म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण. गिऱ्हाईकानं तक्रार केली की कॉल उघडला. मशीन चालू झालं, गिऱ्हाईकानं स्लिपवर सही केली की कॉल बंद. दर सोमवारी साहेब बंद कॉल मोजत. मशीन का बिघडलं होतं हे कोणी कधी विचारलं नाही. त्यामुळे आम्हालाही ते विचारायची सवय राहिली नाही. हे मी सफाई म्हणून सांगत नाही आहे, पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

फ्लॉपी आताच्या लोकांनी पाहिलेली नसते, म्हणून तेही सांगतो. तळहातापेक्षा थोडी मोठी, चौकोनी, काळी, लवचीक. तिच्या एका कडेला लहानशी खाच असायची. खाच उघडी असेल तर मशीन त्या फ्लॉपीवरचं वाचणार आणि तिच्यावर लिहिणारही. खाचेवर चांदीच्या रंगाची चिकटपट्टी लावली की मशीन फक्त वाचणार, लिहू शकणार नाही. रोग असा लिहूनच पसरायचा, म्हणून ती नखाएवढी पट्टी हा त्या काळातला सर्वात स्वस्त आणि सर्वात पक्का उपाय होता. मी घरोघरी तेच सांगत फिरायचो. ऐकणारं माणूस एकच भेटलं, शोभा.

शोभा पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. घरी शेती, बी.ए. झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. नागपुरात ती कुसुमताईंकडे राहायची आणि त्यांच्या वधू-वर केंद्राचं टायपिंग करायची. कुसुमताई निवृत्त शिक्षिका, एकट्या. केंद्र म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली: एक दिवाण, चार खुर्च्या, एक पंखा आणि भाच्यानं आणून दिलेला कॉम्प्युटर. ताई बोलायला कडक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे पायमोजे पाहून म्हणाल्या होत्या, “गावंडे, अंगठा बाहेर आलाय. बायको माहेरी गेली का?”

ताईंच्या कामाची एक रीत होती. आमच्याकडे तेव्हा पुष्कळ घरांत दोन पत्रिका असत, एक जन्माची आणि एक दाखवायची. मंगळाच्या मुलीला बिनमंगळाच्या घरचे करून घेत नाहीत, मंगळाच्या मुलाला बिनमंगळाची मुलगी कोणी देत नाही. मग जन्मवेळ थोडी मागेपुढे करून दुसरी स्वच्छ पत्रिका करून घ्यायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांना दाखवायचीच पत्रिका देत. ताई मात्र येणाऱ्याला स्पष्ट सांगायच्या, “दाखवायची तुम्ही लोकांना दाखवा. मला जन्माची द्या. या खोलीतलं बाहेर जात नाही.” आणि लोक देत. बाप देत नसला तर आई मागाहून एकटी येऊन देऊन जायची. ताई जन्माच्या पत्रिकांवरून जुळवायच्या आणि दाखवायच्या पत्रिका लोकांपुढे ठेवायच्या. त्यांचं केंद्र त्या एका शब्दावर चालायचं.

अशात एक पत्रिकावाला त्यांच्याकडे आला. सफारी घातलेला, गोड बोलणारा. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर पत्रिका मांडायचा आणि गुण जुळवायचा प्रोग्राम होता. फुकट. अट दोनच. छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी त्याची जाहिरात येणार, ग्रहशांती, रत्नं, विधी वगैरे. आणि दर महिन्याला तो पुढच्या महिन्याच्या ग्रहांची नवीन फ्लॉपी आणून देणार, जुनी परत नेणार. ताईंना जाहिरात मुळीच आवडली नाही. त्या कात्री घेऊन बसायच्या आणि प्रत्येक कागदाचा तळ कापून टाकायच्या. मी त्यांना पानाची लांबी कमी करून दिली, तर जाहिरात पुढच्या पानावर जाऊन एकटीच छापली जायची. “म्हणजे कागदही माझाच वाया,” ताई म्हणाल्या आणि पुन्हा कात्री काढली.

जाहिरात दिसत होती म्हणून आम्ही सगळे तिच्यावरच चिडत बसलो.

पत्रिकावाला पहिल्यांदा फ्लॉपी देऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. प्रोग्राम चालेना. मी दुपारी गेलो. आणखी तीन कॉल बाकी होते आणि सोमवार दोन दिवसांवर. पाहतो तर शोभानं फ्लॉपीच्या खाचेवर चांदीची पट्टी लावलेली, अगदी सरळ, कोपरे दाबून. स्क्रीनवर लिहून येत होतं की फ्लॉपीवर लिहिता येत नाही. मी फ्लॉपी बाहेर काढली आणि नखानं पट्टी उचकटली.

“काहून काढून राहिले जी?” शोभा म्हणाली. “तुमीच तं सांगतलं होतं, पट्टीशिवाय फ्लॉपी आत घालाची नाही म्हणून.”

“अवं, थे बाहेरच्या फ्लॉपीसाठी.”

“ही पण बाहेरचीच होय ना.”

“ह्या प्रोग्रामले कामापुरतं काही लिहावं लागत असन,” मी म्हणालो. “तू नको टेन्शन घेऊ. हे पाहा, चालू झालं का नाही? कर सही इथं.”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. काय लिहायचं असेल त्या प्रोग्रामला, हे मला त्या क्षणी विचारता आलं असतं. त्यात माझं अर्ध्या तासाचं काम होतं. आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली होती आणि सोडून दिली होती. तो प्रोग्राम नाव आणि जन्मवेळ तर विचारायचाच, पण पूर्ण पत्ता टाकल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. ग्रहांना पत्ता कशाला लागतो बावा? पण माझा कॉल बंद झाला होता.

पुढं पाच-सहा महिने सगळं सुरळीत होतं. आणि त्यातच शोभाचं लग्न जमलं. सत्ताविसावं लागलं होतं तिला, आणि आधी दोन स्थळं मंगळावरून फिरली होती. दुसऱ्या वेळी तर मुलाकडच्यांनी साखरपुड्याच्या चार दिवस आधी निरोप पाठवला होता, तेव्हापासून तिची आई गावात कोणाच्या लग्नाला जात नसे. आता आईनं तिचीही दाखवायची पत्रिका करून घेतली होती आणि ताईंनीच जुळवून दिलं. मुलगा राजू राऊत, हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. हसरा होता. शिफ्ट सुटली की मोटरसायकलवर ताईंकडे येऊन “पंखा आवाज करून राहिला का जी?” असं विचारायचा. पंखा मुळीच आवाज करत नसे. ताई आतूनच म्हणायच्या, “पंखा ठीक आहे, पण तू बस.” संक्रांतीनंतरची तारीख ठरली. मी प्रिंटर साफ करायला गेलो तेव्हा शोभानं मला दोन पेढे दिले आणि म्हणाली, “साहेब, या बरं का. घरच्याईले घेऊन या.” एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पेढ्यांनंतर पंधरा दिवसांनी ताईंचा ऑफिसात फोन आला. “गावंडे, आत्ताच्या आत्ता या. मशीन बंद नाही. तरी या.”

मी गेलो तेव्हा ताई दिवाणावर बसल्या होत्या, हातात एक पत्र. राजूचे वडील सकाळी येऊन ते टाकून गेले होते. पत्र त्यांच्या हिंगण्याच्या पत्त्यावर आलं होतं, खाली सही नाही. ‘आपण पसंत केलेल्या वधूची खरी जन्मवेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटे असून तिला कडक मंगळ आहे. मुलाच्या जिवाचा विचार करावा. शांतीसाठी भेटावे,’ आणि खाली एका दुकानाचा पत्ता. शोभा दाराशी उभी होती. रडून झालेलं दिसत होतं.

“ही नेमकी वेळ तिच्या आईला माहीत, मला आणि तिला,” ताई म्हणाल्या. “राऊतजी मला विचारत होते, ताई तुमच्या खोलीतलं बाहेर जात नाही ना? मी काय सांगू त्यांना? गावंडे, या यंत्रातून काही बाहेर जातं का?”

मी हसलो. आता लाज वाटते, पण हसलो. “ताई, याला ना टेलिफोनची तार, ना काही. बाहेर जाणार कुठून?”

“मग ते फ्लॉपी घेऊन जाते ना जी दर महिन्याले,” दारातून शोभा म्हणाली.

या महिन्याची फ्लॉपी मशीनमध्येच होती, पत्रिकावाला अजून यायचा होता. मी ती तपासायला बसलो. फ्लॉपीवर काय काय आहे याची यादी मागितली की मशीन यादी दाखवतं. पण एखादी फाइल त्या यादीत दिसूच नये अशी सोय प्रोग्राम करणाऱ्याला करता येते. आमच्याकडे अशा लपवलेल्या फायली उघड्या करायचं एक साधन होतं. ते चालवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. यादीत एक नवीन नाव उगवलं. उघडलं तर पहिल्या महिन्यापासून ताईंकडे मांडलेल्या सगळ्या पत्रिका तिथं ओळीनं; जुनी यादी पत्रिकावाला दर नवीन फ्लॉपीवर उतरवून आणत असावा. नाव, पत्ता, जन्मवेळ, मंगळ आहे की नाही, कोणाशी जुळवली. शोभानं प्रोग्रामला जे जे सांगितलं ते ते त्यानं मुकाट्यानं उतरवून ठेवलं होतं, आणि दर महिन्याला ताई ते आपल्या हातानं त्या माणसाला परत देत होत्या. वर चहा पाजत होत्या.

ताईंनी हातातलं पत्र घडी घालून ठेवलं. मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, “आता उपाय सांगा.”

मी उपाय सांगितले. सांगणं सोपंच असतं. मशीनच्या पुढच्या बाजूला किल्ली असते, ती लावून ठेवा. पण चोर किल्ली मागून, चहा पिऊन आत येत असेल तर किल्लीचा काय उपयोग. कोणाची फ्लॉपी परत द्यायची नाही, मोडून टाकायची. पण मग तो नवीन देणार नाही. रोग आणि चोऱ्या शोधणारा एखादा प्रोग्राम मिळतो का पाहू. पण तोही कोणाच्या तरी फ्लॉपीवरूनच येणार. पट्टी लावा, पण पट्टी लावली की हा प्रोग्राम चालतच नाही. मी बोलत गेलो आणि माझं मलाच ऐकून कंटाळा येत गेला.

“नाव कायले सांगाचं त्याले?” शोभा मध्येच म्हणाली. “वहीत नंबर टाकू. मशीनले नंबरच सांगू. पत्ता मांगते तं आपलाच पत्ता देऊ साऱ्याईले.”

इतकी वर्षं या धंद्यात काढली, यापेक्षा शहाणा उपाय मी कोणाला दिला नाही. लिफ्टमध्ये विचारणाऱ्यांनाही आज तोच द्यावासा वाटतो, पण त्यांना नाव हवं असतं.

“पण तू पट्टी लावत होतीस ना गं?” ताईंनी शोभाला विचारलं. “माझ्यासमोर लावली होतीस. निघाली कशी?”

शोभा खाली पाहत राहिली. माझं नाव घेतलं नाही तिनं. मी दोन-तीन क्षण कापसानं स्क्रीन पुसत राहिलो. ते दोन-तीन क्षण मला अजून आठवतात. मग म्हणालो, “ताई, मी काढली. ती नको म्हणत होती.”

ताईंनी मला रागवायला हवं होतं. त्या फक्त म्हणाल्या, “कशाला काढलीत हो?” सोमवार दोन दिवसांवर होता म्हणून, असं कसं सांगणार?

मान खाली घालून मी स्क्रीनवरच्या ओळी वर-खाली करत बसलो आणि एका ओळीवर थांबलो. राजू राऊतच्या दोन नोंदी होत्या. पहिलीत मंगळ नव्हता. दुसरीत, वेगळ्या जन्मवेळेवर, होता. मी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणालो, “ताई, हे...”

ताई उठल्या आणि त्यांनी शोभाला चहा टाकायला आत पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “हे तुम्ही वाचलं नाही.”

“पण ताई, मुलालाही मंगळ आहे! दोघांनाही असला तर चालतो ना? मग अडलं कुठं?”

“म्हणून तर जुळवलं मी. आंधळी आहे का? त्याच्या वडिलांना माहीत नाही. मुलालाही नाही. बाळंतपणाच्या वेळी राऊतजी बाहेरगावी होते, आईनं वेळ बदलून सांगितली, ती आजवर तशीच. तिनं एकटीनं येऊन मला सांगितलं, माझे हात धरून.”

“मग आता राऊतजींना सांगून टाका. लग्न वाचेल पोरीचं!”

“त्या पत्र लिहिणाऱ्यानं काय केलं? दुसऱ्याचं झाकलेलं उघडं केलं. मीही तेच करू?” ताई परत दिवाणावर बसल्या. “सांगायचं तर त्या माउलीनं सांगावं. मी सकाळपासून तिला दोन निरोप पाठवले. उत्तर नाही.”

मी म्हणालो, मी हिंगण्याला जातो. मशीननं चोरी केली हे तरी सांगतो, निदान तुमच्यावरचा बोल जाईल. ताई म्हणाल्या, “यंत्राचं सांगा. माणसांचं काही बोलू नका. शब्द द्या.” मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुनावर हिंगण्याला गेलो. कारखान्यांच्या बसेस रस्ताभर धूर सोडत होत्या. राजू शिफ्टला गेला होता. राऊतजी बनियनवर बसून सायकलची चेन साफ करत होते. त्यांनी हात पुसले, मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं: फ्लॉपी, लपवलेली नोंद, पत्रिकावाला, पट्टी, माझी चूक. त्यांनी मन लावून ऐकलं. तेही जन्मभर मशीनवर काम केलेले, मधून मधून नेमके प्रश्न विचारत होते.

“म्हणजे ताईनं नाही सांगतलं कोणाले.”

“नाही जी. ताई तशा नाहीत.”

“मशीननं चोरी केली.”

“हाव.”

“चांगलं झालं सांगतलं तुमी. ताईवर उगाच राग धरला म्या, माफी मांगून घेईन त्यायची.” ते थोडे थांबले. “आता एक सांगा जी. चोरलेला माल खोटा होता का खरा?”

मी मान वळवली. दाराच्या चौकटीत राजूची आई पाण्याचा गडू आणि पेला घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. मला माहीत आहे हे तिला त्या क्षणी कळलं, माझी खात्री आहे. कारण पाणी द्यायला पुढं येता येता ती उंबऱ्यावरच थांबली. एक वाक्य. मी म्हणू शकत होतो, ती म्हणू शकत होती. माझ्या जिभेवर आलं होतं. मी दिलेला शब्द आठवून गिळलं, का भीतीनं गिळलं, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेलो नाही.

“खरा असन,” राऊतजी स्वतःच म्हणाले. “त्या पोरीचा मले राग नाही जी. लय चांगली पोट्टी आहे, राजूचा तर जीव आहे तिच्यावर. पण एकच लेकरू आहे आमचं. मले हिंमत नाही होत. तुमी माह्या जागी असते तं तुमाले झाली असती का?”

मी पाणी पिऊन उठलो. लुना वळवत होतो तेव्हा राजूची आई फाटकापर्यंत आली. पदर तोंडाला लावलेला. “ताईले सांगजा...” एवढं म्हणाली आणि थांबली. मी वाट पाहिली. आतून राऊतजींनी काहीतरी विचारलं. “काही नाही. जा तुमी,” ती म्हणाली आणि आत गेली.

पत्रिकावाला त्यानंतर आला नाही, कुठून तरी कुणकुण लागली असावी. पत्रातल्या दुकानाच्या पत्त्यावर गेलो तर तिथं सायकली भाड्यानं देणारा बसला होता. पोलीस चौकीत ताईंना घेऊन गेलो. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण बाई, घरातून गेलं काय?” गेलं काहीच नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं कागद पुढं सरकवला आणि आम्ही परत आलो.

लग्न मोडलं. हा शेवट झाला असता तर मी हे लिहिलं नसतं. मोडलेली लग्नं मी पुष्कळ पाहिली. पण हिंगण्याहून मी सरळ ताईंकडे गेलो होतो त्या दुपारचं सांगायचं राहिलं आहे. ताई शेजारी गेल्या होत्या. शोभा एकटीच मशीनपुढे बसून वहीतल्या नावांना नंबर टाकत होती. मी म्हणालो, “शोभा, नाही ऐकलं त्यांनी.”

तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, किंवा पट्टी काढल्याबद्दल मला शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तिनं विचारलं, “राजूच्या आई होत्या का घरी?”

“होत्या.”

“काही बोलल्या का त्या?”

“नाही,” मी म्हणालो. आणि मग हा प्रश्न तिनं का विचारला ते माझ्या ध्यानात आलं. “म्हणजे... तुले माहीत होतं?”

“मले नाही माहीत असन तं कोणाले जी?” ती म्हणाली. “दोनी पत्रिका म्याच टाईप केल्या ना त्याच्या.”

“अवं, मग बोलली काहून नाही? राजूले सांगतलं असतं एका शब्दानं! तो रोज येत होता इथं. तुझं लग्न होतं ते!”

“त्याच्या आईनं या खोलीत सांगतलं होतं,” शोभा म्हणाली. तिनं पेन उचललं, पुढच्या नावासमोर नंबर टाकला, मग मान वर करून मला चहा घेणार का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. ती आत गेली, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, आणि मी बॅग उचलून, चपला हातात घेऊनच तिथून निघून गेलो.